फोन मरेल असे धरून चाला

वार्षिकांकात कोणी फोनच्या खरेदीवर लेख लिहावा काय, अशी शंका संपादक मंडळातील एका मैत्रिणीने काढली. शंका रास्त आहे. कविता, कथा, प्रवासवर्णन आणि 'मी पाहिलेला सूर्योदय' हे आपले नेहमीचे विषय. मलाही खरे म्हणजे प्रवासवर्णनच लिहायचे होते. परंतु ज्या टिपणांवरून ते लिहायचे ती टिपणेच गेली, तर वर्णन कशाचे करावे? म्हणून प्रवासवर्णनाच्या जागी हा लेख आहे. तो वाचून पुढच्या वर्षीच्या अंकात कोणाचे एखादे प्रवासवर्णन वाचले तरी पुष्कळ झाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही चौघे सिंहगडावरून निघालो आणि सहाव्या दिवशी रायगडावर पोहोचलो. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून विंझरच्या बाजूला उतरायचे, राजगड चढायचा, संजीवनी माचीवरून तोरण्याकडे जाणारी धार धरायची, बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचे, पुढे मोहरी-सिंगापूरच्या पठारावर यायचे आणि लिंगाण्याचा सुळका डोळ्यांसमोर ठेवून सिंगापूर नाळेने कोकणात उतरायचे, अशी ही वाट. नर्मदेची परिक्रमा पायी करणाऱ्यांना ती अंगणातली फेरी वाटेल. वसतिगृहापासून वर्गापर्यंत चालण्याची सवय असलेल्या आम्हांला मात्र ती फार मोठी होती.

रोज रात्री रोजनिशी लिहायची, हे मी निघतानाच ठरवले होते. वही मुद्दामच घेतली नाही. खिशात फोन होता. शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेला, चकचकीत, मागे तीन डोळ्यांचा. तो घेताना मी दुकानात जे प्रश्न विचारले ते आज आठवले की हसू येते. कॅमेरा किती मेगापिक्सलचा? रात्रीचे फोटो कसे येतात? लिहायला कसा आहे, हे मी विचारले नाही आणि दुकानदारानेही सांगितले नाही. लिहिण्यासाठी कोणी फोन घेतो, हे त्याच्या गावीही नसावे.

चौथ्या दिवशी आमचा मुक्काम मोहरीत एका घराच्या पडवीत होता. घरातल्या आजी चुलीपुढून उठून बाहेर आल्या आणि गप्पांना बसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नाळेने उतरणार हे कळल्यावर त्यांनी विचारले, "बसणार कुठं कुठं?" आम्हांला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितले, की तरुणपणी त्या त्याच वाटेने तूप घेऊन खाली जात आणि मीठ व सुकट घेऊन वर येत. डोक्यावर पाटी असली की वाटेल तिथे बसता येत नाही. पाटी उतरवायला कमरेइतका उंच कातळ लागतो, म्हणजे पुन्हा उचलताना दुसऱ्याचा हात लागत नाही. असे विसावे त्या नाळेत ठरलेले होते आणि प्रत्येकाला नाव होते. एकाचे नाव झाडावरून, एकाचे तेथे घसरून पडलेल्या कोणा म्हातारीवरून, एकाचे तर असे की ते सांगताना आजींनी पदर तोंडाला लावला. कोणत्याही नकाशात नसलेली अशी अकरा नावे त्यांनी वरपासून खालपर्यंत, पायरी मोजावी तशी सांगितली.

मी भराभर फोनवर लिहीत होतो. आजी मध्येच थांबल्या. "ऐकतो का फोन बघतो रं बाळा?"

"लिहून घेतोय, आजी."

"मग वाच बघू."

मी वाचून दाखवले. दोन नावे मी चुकीची ऐकली होती, ती त्यांनी दुरुस्त केली. एकाची जागा वर-खाली झाली होती, तीही लावून दिली. म्हणजे माझ्याजवळ अकरा विसाव्यांची तपासून घेतलेली यादी होती. इतकी पक्की टिपणे मी वर्गातही कधी काढलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाळेत असताना परतीचा पाऊस आला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, पिशवी खिशात होती आणि पिशवीचे तोंड नीट बंद नव्हते. संध्याकाळी पडदा थरथरू लागला, मग त्यावर हिरव्या रेघा आल्या आणि रात्री तो काळा झाला तो कायमचा. पुण्यात आल्यावर दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले आणि आतला मुख्य बोर्ड गेल्याचे सांगितले. "मग त्यातली स्मृती तरी काढून द्या," असे मी म्हणालो. त्याने शांतपणे समजावले, की आजच्या फोनमध्ये साठवलेली प्रत्येक गोष्ट कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये असते. स्मृतीची चिप उपटून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. फोन चोरीला गेला तर हे कुलूप आपल्या हिताचे. फोन मेला तर तेच कुलूप आपल्याला बाहेर ठेवते.

वाचक विचारतील, आजकाल सारे आपोआप 'वर' जाऊन साठते ना? जाते. परंतु त्यासाठी नेटवर्क लागते. बॅटरी वाचावी म्हणून मी चार दिवस नेटवर्क बंद ठेवले होते आणि चालू ठेवले असते तरी त्या पठारावर ते आम्हांला मिळत नव्हते. म्हणजे माझ्या रोजनिशीची जगात एकच प्रत होती आणि ती माझ्या ओल्या खिशात होती.

आम्ही चौघांनी मिळून आठवून पाहिले. चार नावे आठवली, त्यांतल्या दोघांवर आमच्यात भांडण झाले. गोडसे भटजींची येथे आठवण होते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला आणि सुमारे पंचवीस वर्षांनी तो आठवून लिहिला. 'माझा प्रवास' छापून निघाला तो १९०७ मध्ये. पंचवीस वर्षांनी इतके आठवणारा तो माणूस आणि आठवड्यात अकरांतली सात नावे गमावणारे आम्ही! पण तुलना अन्यायाची आहे. त्यांना आपण विसरू अशी धास्ती होती. आम्हांला फोन होता.

आता मुद्द्याकडे येतो. लांबच्या पायी भटकंतीत रोजनिशी लिहिण्यासाठी फोन निवडायचा असेल, तर तो दुकानातल्या उजेडात किती चांगला दिसतो हे पाहू नये. चौथ्या रात्री, अंधारात, ओल्या बोटांनी, पंधरा टक्के बॅटरीवर तो काय करील हे पाहावे. आणि त्याही पुढे जाऊन, तो मेल्यावर त्यातले काय उरेल, हे आधी विचारावे. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे आणि विकत घेताना कोणीही तो विचारत नाही.

म्हणून पहिली अट अशी, की फोनला निराळे मेमरी कार्ड घालण्याची खाच असावी. महागड्या फोनांतून ही खाच जवळजवळ हद्दपार झाली आहे. स्वस्त फोनांत ती अजून सापडते. गरिबाच्या फोनला हा एक मान राहिला आहे. कार्ड फोनच्या अंतर्गत साठ्यात मिसळू द्यायचे नाही, कारण मग तेही त्याच कुलपात जाते. ते सुटे ठेवायचे आणि रोजनिशी त्यावर साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची. फोन मेला तर नखाएवढे कार्ड काढून दुसऱ्या कोणत्याही यंत्रात घालता येते. सजवलेली, पाने उलटल्याचा आवाज करणारी रोजनिशीची ॲप मी आता टाळतो. त्यांतला मजकूर त्यांच्याच पेटीत राहतो आणि ॲप बंद पडले की पेटीचे काय होते ते विचारायला कोणी नसते.

साध्या मजकुराचे वजन किती कमी असते याची आपल्याला कल्पना नसते. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. वहीच्या एका पानात दीड हजार चिन्हे धरली, तर पान साडेचार हजार बाइटचे झाले. एक बरा फोटो चार मेगाबाइटचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत सुमारे नऊशे पाने! आम्ही त्या सहा दिवसांत चारशेवर फोटो काढले. ते इतर तिघांच्या फोनमध्ये आजही आहेत आणि त्यांतले कोणते टाके राजगडाचे व कोणते तोरण्याचे यावर आजही एकमत नाही.

इतकी हलकी फाइल असल्याने आणखी एक गोष्ट सोपी होते. रात्री लिहून झाले की ती ब्लूटूथने सोबत्याच्या फोनवर पाठवून द्यावी. याला नेटवर्क लागत नाही, अर्धा मिनिटही लागत नाही. वही दुसऱ्याच्या पाठपिशवीत ठेवली तर स्वतःला लिहिता येत नाही. फाइल दोन्हीकडे राहते. फोनच्या बाजूने माझ्याजवळ असलेला हा सर्वांत बळकट मुद्दा आहे. (सोबत्याविषयी त्या दिवशी काही कडवट लिहिले असेल तर प्रत तिसऱ्याकडे द्यावी. हा अनुभवाचा बोल आहे.)

दुसरी गोष्ट पाण्याची. फोनच्या पेटीवर आयपी ६७, आयपी ६८ असे आकडे लिहिलेले असतात. ६७ याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. परंतु ती परीक्षा नव्या फोनची आणि स्थिर पाण्यातली असते. दोन वर्षे वापरलेला, दोनदा पडलेला फोन ती देईलच असे नाही. शिवाय फोन वाचला म्हणजे लिहिता आले असे नव्हे. आजचा पडदा बोटाच्या विद्युत्-स्पर्शावर चालतो आणि पाण्याचा थेंबही वीज वाहतो. त्यामुळे पाऊस स्वतःच लिहू लागतो. राजगडावर माझ्या फाइलीत पावसाने दोन ओळी टंकल्या होत्या, त्या मात्र मी हौसेने ठेवल्या होत्या. यावर उपाय एकच, दुकानात जाताना ओला रुमाल घेऊन जावा. बोट ओले करून पडद्यावर चार ओळी लिहून पाहाव्या. दुकानदार काय म्हणतो ते पुढे सांगतो.

बॅटरीविषयी फार लिहीत नाही, कारण त्याविषयी सर्वांना सर्व ठाऊक असते. दोनच गोष्टी सांगतो. नेटवर्क क्षीण असते तेथे फोन टॉवर शोधण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो. म्हणून डोंगरात तो 'विमान' स्थितीत ठेवावा. उपग्रहांवरून ठिकाण कळणे त्यामुळे बंद पडत नाही, कारण ते नेटवर्कवर अवलंबून नाही. दुसरे म्हणजे, १०,००० असा आकडा लिहिलेली पॉवर बँक ५,००० च्या फोनला दोनदा भरत नाही. आतल्या घटांचा दाब वेगळा, बाहेर देण्याचा वेगळा आणि मध्ये थोडी शक्ती उष्णतेत जाते. हाती सहा हजारांच्या आसपास पडते आणि पाव किलोच्या जवळपास ओझे मात्र पुरते आपले. हिमालयात जाणाऱ्यांनी थंडीत बॅटरी आणखी लवकर उतरते हेही धरावे आणि रात्री फोन पांघरुणात घेऊन झोपावे.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची. तिच्याकडे परीक्षणे लिहिणारे कधीच पाहत नाहीत. रोमी अक्षरे टंकून मराठी उमटवणारा कळफलक सोपा खरा, पण तो आपल्या शब्दांऐवजी स्वतःला माहीत असलेले शब्द घालतो. आम्ही कारवीचे दांडे धरून उतरलो. माझ्या फोनने लिहिले, 'कारवाईचे दांडे धरून उतरलो'. घळीचे घर झाले, नाळेची नाल झाली. शहरातले शब्द त्याला पाठ आहेत, डोंगरातले नाहीत. आणि रोजनिशी लिहायची ती तर याच शब्दांसाठी! आजींनी सांगितलेल्या नावांतली दोन मी चुकीची ऐकली असे वर म्हटले. त्यांतले एक मी बरोबर ऐकले होते, फोनने सुधारले होते. म्हणून सुचवण्या बंद करता येतील असा कळफलक घ्यावा. शक्य तर इनस्क्रिप्ट शिकावा. १९९१ च्या भारतीय मानकात त्याची मांडणी दिलेली आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने, पंधरा दिवसांत हात बसतो. 'दऱ्या'मधला र आणि 'आर्या'मधला र त्यावर वेगळे लिहिता येतात. बोलून लिहिण्याची सोय माझ्या फोनवर नेटवर्क गेले की मुकी होत असे, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आमच्या एका सरांना हे सारे वाचून दाखवले. ते म्हणाले, "इतका खटाटोप करण्यापेक्षा चाळीस रुपयांची वही आणि पेन्सिल घ्या." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पेन्सिलीचे अक्षर ओले झाले तरी पुसत नाही आणि वहीत खोडलेलेही दिसते. फोनमध्ये मात्र आदल्या दिवशीचा राग दुसऱ्या दिवशी मी साफ पुसून टाकला होता, जणू मी रागावलोच नव्हतो. असली रोजनिशी रोजनिशी कशाची? तरीही मी फोनच घेईन. धारेवर वारा सुटलेला असताना, एका हातात काठी असताना वही उघडत नाही. फोनवर अंगठ्याने दोन ओळी टाकता येतात, त्यांना वेळ आपोआप लागते आणि अंधारात दिवा लागत नाही. वहीवर पाच वाजता लिहू म्हणून ठेवलेले आठ वाजता लिहिले जात नाही. हेही अनुभवाचेच. सरांचा सल्ला मी अर्धा मानला. आता फोनबरोबर एक खिशातली वही असते. नावे, आकडे आणि माणसांनी बोललेले शब्द दोन्हीकडे लिहितो. बाकीचे माझे विचार फोनमध्ये बुडाले तरी साहित्याची हानी होणार नाही.

आणखी एक. रोजनिशीचा फोन आणि जिवाचा फोन एक नसावा. संकटात ११२ लावायला जो फोन लागेल, त्याची बॅटरी सूर्यास्ताच्या वर्णनात संपवू नये. चौघांत एक फोन कायम बंद करून कोरड्या पिशवीत ठेवावा, हे आम्ही आता ठरवून टाकले आहे.

तर असा विचार करून डिसेंबरात मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी जुन्या फोनांच्या दुकानात. साडेसहा हजार रुपये होते. तेथल्या मुलाने सवयीने कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. मी ओला रुमाल काढला. तो दोन पावले मागे सरकला. "दादा, काही झालं तर आपली जबाबदारी नाही हां!" तीन फोन मी ओल्या बोटाने तपासले. दोघांनी वेड्यासारखी अक्षरे टाकली, तिसऱ्याने दहांतली आठ बरोबर घेतली. तो जाड आहे, पाठीला ओरखडे आहेत, कॅमेरा सामान्य आहे. कार्डाची खाच आहे. भर उन्हात त्याचा पडदा वाचता येतो, हे दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून पाहिले. मित्र त्याला 'वीट' म्हणतात.

वीट, वही आणि पेन्सिल घेऊन मी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा मोहरीला गेलो. या वेळी एकाच सोबत्याबरोबर, फक्त त्या नावांसाठी. आजी पडवीत शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी ओळखले. "आला का फोनवाला?" म्हणाल्या. मी झालेला प्रकार सांगितला. त्यांना फारसे नवल वाटले नाही. मग त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली आणि मी प्रत्येक नाव आधी वहीत, मग फोनवर लिहीत गेलो. खालपर्यंत आलो तेव्हा मी मोजली. नऊ भरली.

"आजी, मागच्या वेळी अकरा सांगितली होती तुम्ही."

"आकरा?" त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या, बोटांवर मोजत ओठांतल्या ओठांत एकदा सारी वाट उतरल्या, परत चढल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू लिवून घेतली व्हती ना? मग बघ की त्यात."